पांढरी चार, काळी तीन

पांढरी एक

नलू गात होती, आणि तिचा नवरा ते फाटकाबाहेर उभा राहून ऐकत होता.

फाटक कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या जुन्या बंगल्याचं. राळेगावपासून कोसभर. देवराव मुनेश्वर सायकल हातात धरून उभा होता, कॅरियरला हत्यारांची पेटी दोरीने आवळलेली. एरवी हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणारा, आज तो आला होता पियानो पाहायला. पाहुणी आली आहे, तिला पियानो लागतो, जमलं तर सुरात आण, असा बंगल्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या नानाजींचा निरोप होता.

आतून बाईचा आवाज आला आणि त्याचे पाय थांबले. आधी त्याला वाटलं, दुसरीच कोणी आहे. बावीस वर्षं एका घरात राहून ज्याने बायकोला गाताना ऐकलं नाही, तो तिचा आवाज ओळखणार कसा? त्याने ओळखला तो खोकला. गाणं मध्येच थांबलं, खोकल्याची उबळ आली, आणि ती मात्र रोजची होती.

मग गाणं पुन्हा सुरू झालं. शब्द नव्हतेच. हो, होयो, हो. वर जायचं, जरा थांबायचं, आणि उतरताना षड्जाच्याही खाली एका सुरावर टेकायचं, पायरी आहे की नाही हे पायाने चाचपावं तसं.

देवरावचा कान सगळ्या तालुक्याला माहीत होता. वर्ध्याच्या एस्टीचा हॉर्न काळी दोन, पिठाच्या गिरणीचा पट्टा पांढरी सहा, हे तो चहा पिता पिता सांगायचा. पेटीवाल्यांचं मोजणं सोपं असतं: सात पांढऱ्या पट्ट्या, पाच काळ्या, जगातला प्रत्येक आवाज या बारांतल्या कुठल्यातरी एका घरी राहतो. त्याची बोटं सायकलच्या हँडलवर आपोआप हलली. नलूचा सा पांढरी पाच. आणि तो खालचा सूर पांढरी चार.

नाही. जरा वर आहे. काळी तीन?

नाही. जरा खाली आहे.

आत कोणीतरी टाळी वाजवली. परकी बाई परक्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि नलू हसली. असं मोकळं हसणं घरी कधी ऐकू येत नसे.

देवरावने सायकल वळवली. पियानो उद्या पाहू.

काळी एक

तो सूर त्याने एकदा ऐकला होता. चौऱ्याऐंशी साली.

लग्न होऊन चार महिने झाले होते. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमासाठी विहारात तालीम चालली होती. पेटीवर देवराव, ढोलकीवर शंकरसिंग, आणि पहिल्यांदाच गायला नलू, वय अठरा. एका ओळीच्या शेवटी ती दर वेळी त्याच जागी जायची. देवरावने तीनदा थांबवलं. चौथ्यांदा त्याने पांढरी चार दाबली, मग काळी तीन दाबली, मग दोन्ही पट्ट्यांच्या फटीत करंगळी खुपसून सगळ्यांना दाखवली.

"सांग आता, यातली तुही कोनती? मधात बोट जात नाई बाई!"

मंडळ हसलं. शंकरसिंग तर ढोलकीवर आडवा झाला. नलूही हसली. ती हसली म्हणूनच देवरावला वाटत आलं होतं, की गोष्ट तिथेच मिटली.

त्यानंतर नलू कधी गायली नाही. प्रियंका झाली, तिलाही तिने नुसतं थोपटून झोपवलं. देवराव लोकांना सांगायचा, आमच्या घरात गाण्याचं खातं माझ्याकडे आहे, तिला आवड नाही.

पांढरी दोन

"बंगल्यावर गेलतीस?"

"हो. प्रियंकानं नेलं."

"काय केलं तिथं?"

"चहा पेला. केवढा मोठा कप होता माय."

"अन्?"

"अन् काय? ते बाई म्हने, कापूस येचताना बायका काय म्हंतात. म्हटलं, काईबाई म्हंतात."

"कोनतं गानं होतं ते?"

"गानं नाई ते. हाक हाय. या ओळीतून त्या ओळीत. माही माय मारे."

"मले काहून नाई ऐकवली कधी?"

"तुमाले कायले? तुमी कुठं कापूस येचता?"

"बाबा, मॅडमनं आईचं सगळं वहीत लिहून घेतलं. एका सुरावर तं छोटा बाण काढला."

"बान? कायचा बान?"

"म्हणजे हा सूर आपल्या जागेपेक्षा थोडा वर आहे. पण चुकला नाही. असाच आहे."



"भाजी घ्या अजून. मीठ बरोबर झालं का?"

काळी दोन

त्या वर्षांत जिल्ह्यात गाड्या फार यायच्या. पांढऱ्या गाड्या, आत बाटलीतलं पाणी, गळ्यात कॅमेरा. गावात शिरून विचारायच्या: कोणाचं घर, किती एकर कापूस, फवारणीचं औषध कधी प्याला. लोकांना उत्तरं पाठ झाली होती. देवरावकडेही पेट्या दुरुस्तीला कमी यायच्या, भाड्याने जास्त जायच्या, आणि त्या कुठल्या भजनाला जातात हे विचारावं लागत नसे.

म्हणून मोरॅग मॅकिनन बंगल्याच्या दारात टॅक्सीतून उतरली, तेव्हा कापूस वेचून परतणाऱ्या सुखीबाईने ओझं खाली न ठेवताच विचारलं, "कोनाच्या घरी नेऊ बाई? जुनं पायजे का यंदाचं?"

प्रियंकाने भाषांतर केलं नाही. कॉलेजात इंग्रजी घेतलेली तालुक्यातली दुसरी मुलगी मिळाली नाही म्हणून ती दुभाषी झाली होती, आणि काय सांगू नये हे ती पहिल्याच दिवशी शिकली.

मोरॅग पियानो वाजवायची आणि पियानोसाठी रचना करायची. पन्नाशीची, पांढरे केस कापलेले, पायात बापाचे वाटावेत असे बूट. स्कॉटलंडच्या एका बेटावरची. तिचा पणजोबा शंभर वर्षांपूर्वी या जिनिंगची यंत्रं बसवायला आला होता. त्याने घरी लिहिलेलं एक पत्र तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. त्यात होतं: इथल्या बायका शेतात एकमेकींना हाका घालतात, आणि डोळे मिटले की वाटतं, आपल्या टेकडीमागे कोणी मशक वाजवतोय. मशक म्हणजे काखेत पिशवी दाबून फुंकायचं वाजंत्र. मोरॅगला त्या हाकेवर एक रचना बांधायची होती आणि शनिवारी दुपारी ती त्याच बायकांना बंगल्याच्या व्हरांड्यात ऐकवायची होती. नलूने हाक द्यायची, पियानोने उत्तर.

नानाजी जिनिंगचे जुने कारकून. जिनिंग बंद पडली तरी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याच कमरेला होता. त्यांना मोरॅग म्हणता येईना, ते मोरेबाई म्हणायचे.

"देवराव, मोरेबाई म्हंते तुही बायको लय मोठी कलाकार हाय."

"हो का."

"तुले तं मालूमच असन."

"हो," देवराव म्हणाला.

पांढरी तीन

पियानोच्या मागच्या फळीला वाळवी लागली होती. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांची लोकरी बनात कसरीने खाल्लेली. पण तारा धड होत्या. पेटीत एका सुराला एक पत्ती, इथे एका सुराला तीन तारा, तिन्ही एकजीव झाल्या तरच सूर. देवरावने लोहाराकडून चौकोनी भोकाचा पाना घडवून घेतला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दोन तारा दाबायच्या आणि तिसरी लावायची अशी रीत बसवली, आणि तीन दिवस खपला. खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत त्याला पियानो आवडू लागला होता. आवडला नसता तर बरं.

कारण काम करताना शेजारच्या खोलीतून रोज नलूचा आवाज यायचा. देवराव आत आला की ती थांबायची. पाणी प्यायला उठायची, पदर सारखा करायची. तो बाहेर गेला की पुन्हा हो, होयो, हो.

मोरॅगची वही पियानोवर उघडी पडलेली असे. पाच-पाच रेषा, त्यावर मुंग्या बसल्यासारखी टिंबं. देवरावला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. पण एका टिंबावर पेन्सिलीने काढलेला नखाएवढा बाण त्याला रोज दिसायचा. बावीस वर्षं संसार केला, पोरगी वाढवली, नलूच्या मायला मातीही त्यानेच दिली. आणि तिच्यातलं जे नेमकं होतं ते आठवड्यापूर्वी आलेल्या बाईने बाण काढून दाखवलं. एकदा खोलीत कोणी नसताना त्याने त्या बाणावर अंगठा ठेवला आणि घासला. थोडा पुसटला. मग त्यालाच लाज वाटली आणि अंगठा धोतराला पुसला.

चौथ्या दिवशी मोरॅगने त्याला जवळ बोलावलं. टेपवर मशक लावली. आवाज शेळ्यांच्या कळपासारखा सुरू झाला, मग त्यातून एक सूर निघाला, आणि देवरावची बोटं मांडीवर पट्टी शोधू लागली. तोच. पांढरी चार नाही, काळी तीन नाही.

प्रियंका म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणतात, ही पांढरी चार थोडी वर चढवा. काळी तीनपर्यंत नाही. आईच्या जागेवर ठेवा."

"बेसूर करा म्हंते पियानो?"

"आईच्या जागेवर, म्हणतात."

"ठीक हाय," देवराव म्हणाला. "ठेवतो."

पांढरी चार

त्याने पांढरी चार पांढरी चारवरच ठेवली.

केसभरही इकडेतिकडे नाही. तिन्ही तारा एकजीव, काचेसारख्या. शनिवारी नलू हाक देईल, पियानो उत्तर देईल, आणि साऱ्या गावासमोर ऐकू येईल की चुकतंय कोण. यात त्याचा काय दोष? त्याने तर काम बरोबर केलं होतं. आयुष्यात इतकं बरोबर काम त्याने केलं नव्हतं.

शुक्रवारी मोरॅगने वाजवून पाहिलं. खालून वरपर्यंत बोटं फिरवली, मान डोलावली. मग त्या एका पट्टीवर थांबली. दोनदा दाबली. देवराव खिडकीबाहेर कडुलिंबाकडे पाहत राहिला.

ती रागावली नाही. प्रियंकाशी हळू काहीतरी बोलली.

"मॅडम म्हणतात, हा राहिला वाटतं. त्यांना स्वतःला लावता येणार नाही. त्यांच्या कानात तो सूर आठच दिवस आहे, वही पाहिल्याशिवाय सापडत नाही. तुमच्या कानात बावीस वर्षं असेल. तुम्ही डोळे मिटूनही लावाल."

देवरावला कोणी थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

"हो," तो म्हणाला. "लावतो. त्यात काय."

दुपारभर तो एकटा पाना घेऊन बसला. फाटकाबाहेरचं ते ऐकणं आठवलं. शेजारच्या खोलीतलं आठवलं. तार चढवली. कान म्हणाला, काळी तीन. उतरवली. कान म्हणाला, पांढरी चार. तालुक्यातला सगळ्यात तयार कान, आणि त्याला मधे उभंच राहता येईना. ज्या बाजूला जरा कलावं, त्या बाजूच्या पट्टीत घसरून पडायचा. चढव, उतरव. चढव, उतरव.

तीनपैकी एक तार तुटली. भिंतीवर चाबूक बसल्यासारखा आवाज झाला.

तशी तार नागपुरातही मिळाली नसती. उरल्या दोन.

मधे

शनिवारी सकाळी नलू वेचणीला गेली होती. कार्यक्रम चारला, आणि कापूस काही कार्यक्रमासाठी थांबत नाही. देवराव बांधावर सायकल टेकवून कापसाच्या पऱ्हाटीत शिरला तेव्हा आठ-दहा बायकांनी एकदम माना वर केल्या. नलूचा चेहरा उतरला. त्या दिवसांत ऐन कामाच्या वेळी पुरुषमाणूस धावत शेतात आला की त्याचा एकच अर्थ असायचा.

"कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं. तो सूर पायजे."

मग सुखीबाईने कापसाची ओटी सावरली. "घ्या! मास्तर सूर मागाले आले. दे वं नलू, किलोभर टाक त्याईच्या टोपीत."

"प्रियंका तं म्हने, तुमी डोळे मिटून लावता," नलू म्हणाली.

"खोटं बोललो. नाई लागून राह्यला. एक तार तोडली."

नलू बोंडं वेचत राहिली. दोन, तीन, चार. वर न पाहता म्हणाली, "मधात बोट जात नाई, म्हटलं होतं ना तुमी."

म्हणजे बावीस वर्षं ते वाक्य त्याच घरात होतं. त्याच पातेल्यांमागे, त्याच उतरंडीत.

देवरावने खिशातून पाना काढला. तो कोणाला दाखवावा, कसा धरावा, त्याला समजेना. "बोट नाई जात," तो म्हणाला. "पाना जाते."

"उभं राहून नाई येत तो. वाका."

"आँ?"

"कमरेतून वाकलं का दम अर्धा होते. त्या अर्ध्या दमातच येते. ती ओळ धरा. येचा."

सुखीबाईने आपलं जुनं लुगडं त्याच्या कमरेला ओटी म्हणून बांधलं, बायकांनी तोंडाला पदर लावले. देवराव वाकला. पेटीवर पस्तीस वर्षं फिरलेली बोटं बोंडांच्या सुकल्या टोकांनी पहिल्या दहा झाडांतच ओरबाडली. शेजारच्या ओळीतून नलूने हाक दिली. हो, होयो, हो. इतक्या जवळून त्याने ती कधी ऐकली नव्हती.

"आता उत्तर द्या. हाक मोकळी सोडत नाई."

त्याने दिलं. शेवटी येऊन ठाम पांढरी चारवर बसला.

शेत हसलं. सुखीबाई खाली बसली. "माय वं! मास्तर बेसूर!" कोणीतरी ओरडलं, "बोट घाला भाऊ, मधात बोट घाला!" म्हणजे नलूचं गाणं का थांबलं हे त्यांनाही माहीत होतं, देवराव सोडून साऱ्या तालुक्याला माहीत होतं.

देवरावही हसला. दुसरं काय करणार? आणि हसता हसताच त्याला समजलं, की त्या दिवशी विहारात नलू हसली होती म्हणजे काय झालं होतं.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी, कंबर मोडायला आली तेव्हा, दम खरोखरच अर्धा झाला आणि तो कुठेतरी मधे टेकला. नलूने मान वर केली. बरोबर म्हणाली नाही, चूकही म्हणाली नाही. "चाला," म्हणाली.

सायकलवर ती कॅरियरला बसली. तो सूर तोंडात धरून गुणगुणत पायडल मारत होता, ओळखीच्यांचे जयभीमही नुसत्या मानेने घेत होता. फाट्यावर वर्ध्याची एस्टी आडवी आली आणि ड्रायव्हरने दणकून काळी दोन मारली. सूर सांडला. देवराव थांबला.

"गेला?"

"गेला."

नलूने त्याच्या पाठीमागे, शर्टाच्या शिवणीपाशी तोंड नेऊन तो पुन्हा दिला.

बंगल्यात तिने उभं राहून गायला नकार दिला. पियानोसमोर ओणवी झाली, गुडघ्यांवर हात टेकले आणि सूर धरला. देवराव पाना फिरवत होता.

"आता?"

मान हलली. नाही.

"आता?"

तिने सूर थांबवला. "बस. हातच लावू नका."

त्याने दुसरी तार पहिलीला मिळवली आणि पट्टी दाबली. नलू पियानोकडे पाहत राहिली, माहेरचं माणूस अचानक दारात उभं राहिल्यासारखी. देवरावकडे तिने पाहिलं नाही.

चार वाजता व्हरांडा भरला. नलूने हाक दिली, मोरॅगने उत्तर दिलं, आणि दोन तारांवरचा तो सूर इतका अचूक बसला की सुखीबाईने शेजारणीचा दंड धरला. मोरॅगच्या दहा बोटांत शेत होतं, तिच्या बेटावरची टेकडी होती, वारा होता. देवराव खांबाला टेकून उभा होता. शेजारच्या ओळीतून उत्तर द्यायची जागा पियानोने घेतली होती, आणि ती त्याला देवरावनेच बसवून दिली होती. टाळ्या त्यानेही वाजवल्या.

मोरॅग गेली. पुढच्या हिवाळ्यात आवाज टिपायचं यंत्र घेऊन येईन, तोपर्यंत हा सूर हलू देऊ नका, असं नानाजींना सांगून गेली. पण इकडचा उन्हाळा लाकूड चिरतो, तार काय चीज. फेब्रुवारीतच तो ढळला. देवरावने नलूला नेलं, ती ओणवी झाली, त्याने लावला. मार्चमध्ये पुन्हा. एप्रिलमध्ये पुन्हा. दर महिन्याचा पहिला रविवार ठरून गेला.

कानाचं म्हणाल, तर मार्चच्या अखेरीस तो सूर देवरावला पाठ झाला होता. दुकानात पेटी पुसताना यायचा, आंघोळीला बसला की यायचा. एस्टी कितीही ओरडली तरी आता सांडत नव्हता. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही.

मे महिन्यात बंगल्याचं कुलूप काढता काढता नानाजी म्हणाले, "काय रे देवराव, येवढा तुहा कान अन् दर वेळी बायकोले उन्हातानात आनतं. अजून बसला नाई का?"

"नाई बसला," देवराव म्हणाला.

नलूने त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बहिरे होऊन राह्यले तुमी," ती म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून ओणवी झाली.